राजाचे पुतळे पाडले, अख्खं शहर मरणाच्या भीतीत होतं. तेव्हा एका धर्मगुरूने उपवासाचा खरा अर्थ सांगितला

फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला. त्यात अंताक्या नावाचं शहर जवळपास जमीनदोस्त झालं. ढिगाऱ्यांचे ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील.

या अंताक्याचं जुनं नाव अँटिओक. बायबल सांगतं की येशूच्या अनुयायांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा इथेच मिळालं. भूकंपाच्या १६०० वर्षं आधीही हे शहर एकदा असंच संपायला आलं होतं. तेव्हा कारण होतं राजाचा राग. वेळ होती लेंटची, म्हणजे ईस्टरच्या आधी येणाऱ्या ख्रिस्ती उपवासकाळाची. आणि त्या दिवसांत शहराला धीर देणाऱ्या माणसाचं नाव होतं जॉन. पुढे जगाने त्यांना 'क्रिसोस्टम' म्हटलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो, सोन्याच्या तोंडाचा.

जॉन यांचा जन्म अँटिओकचाच, साधारण ३४९ सालचा. वडील लष्करी खात्यात अधिकारी होते, पण जॉन तान्हे असतानाच ते वारले. आई अँथुसा तेव्हा जेमतेम विशीत होती. तिने दुसरं लग्न केलं नाही. मुलाला शिकवलं, तेही त्या काळचा सगळ्यात नावाजलेला वक्ता लिबेनिअस याच्याकडे. हा गुरू ख्रिस्ती नव्हता, जुन्या ग्रीक देवांना मानणारा होता. बोलायचं कसं, हे जॉन त्याच्याकडून शिकले.

वकिली किंवा सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण जॉन डोंगरात गेले. चार वर्षं एका म्हाताऱ्या साधूजवळ आणि मग दोन वर्षं एकटे गुहेत राहिले. खाणं नाही, झोप नाही. शेवटी पोट आणि मूत्रपिंडं बिघडली आणि शहरात परत यावं लागलं. उपवास अतिरेकाला गेला की काय होतं, हे त्यांना स्वतःच्या शरीराने शिकवलं होतं.

३८६ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ती वेळ आली.

झालं असं की सम्राट थिओडोसिअसने नवा कर लावला. अँटिओकमध्ये हुकूम वाचून दाखवला आणि लोक भडकले. जमाव रस्त्यावर उतरला. आधी राजघराण्याच्या चित्रांवर दगड पडले, मग सम्राटाचे आणि त्याच्या कुटुंबाचे पुतळे पाडून ते रस्त्यांवरून ओढत नेले. त्यात त्याच्या वारलेल्या राणीचा पुतळाही होता.

हा सगळा दंगा काही तासांतच आटोपला. पण त्या काळात राजाचा पुतळा पाडणं म्हणजे राजावरच हात उचलणं. स्थानिक अधिकाऱ्यांनी लगेच धरपकड सुरू केली. काहींना जाळलं, काहींना तलवारीने मारलं, काहींना जनावरांपुढे टाकलं. त्यात लहान मुलंही होती. श्रीमंत लोक सामान बांधून शहर सोडू लागले. राजधानीतून काय हुकूम येतो, याची उरलेले घरात बसून वाट पाहत होते.

ही भीती खोटी नव्हती. तीनच वर्षांनी थेस्सलोनिकी शहरात असाच दंगा झाला आणि याच सम्राटाच्या सैनिकांनी हजारो लोक कापून काढले.

अँटिओकचे बिशप फ्लेव्हियन म्हातारे होते. त्यांची बहीण मरणाच्या दारात होती. तरी ते ऐन थंडीत हजार किलोमीटरहून जास्त लांब कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला निघाले. उद्देश एकच, सम्राटाकडे माफी मागायची. मागे शहर सांभाळायला राहिले जॉन.

पहिले सात दिवस जॉन गप्प राहिले. लोक रडत होते, त्यांनी रडू दिलं. मग लेंट सुरू होता होता ते बोलायला उभे राहिले. त्या काही आठवड्यांतली त्यांची २१ प्रवचनं आजही उपलब्ध आहेत. 'पुतळ्यांवरची प्रवचनं' या नावानेच ती ओळखली जातात.

आता तुम्हाला वाटेल, अशा वेळी ते म्हणाले असतील की देव सगळं ठीक करेल. पण त्यांनी सोपं आश्वासन दिलं नाही. लोक आधीच घाबरून उपवासाला लागले होते. दिवसभर पोटात काही न घालता संध्याकाळी एकदा जेवायचं, मांस वर्ज्य. जॉन यांनी विचारलं ते त्या ताटाच्या पलीकडचं.

त्यांचं म्हणणं असं की तोंडाने मांस सोडलं आणि त्याच तोंडाने शेजाऱ्याची निंदा केली, तर तो माणसाचंच मांस खाण्याचा प्रकार झाला. उपवास डोळ्यांचा हवा, कानांचा हवा, हातापायांचा हवा. हात लुबाडणं सोडत नसतील, तर पोट रिकामं ठेवून मिळवलं काय? आपल्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणतात, ती गंमत खाण्याची झाली. जॉन यांचा प्रश्न जास्त टोचणारा होता.

एक अगदी साधी गोष्ट त्यांनी लावून धरली होती. ऊठसूट शपथ घ्यायची सवय सोडा. बाजारात, घरात, भांडणात लोक येता-जाता शपथा घालायचे. शहराच्या मानेवर तलवार लटकत असताना हे काय घेऊन बसले, असं ऐकणाऱ्यांनाही वाटलं असेल. पण राजा काय करणार हे लोकांच्या हातात नव्हतं. स्वतःची जीभ हातात होती.

काही लोक जेवण झालं की प्रवचनाला यायचे नाहीत. उपवास मोडला, आता देवळात कुठल्या तोंडाने जायचं? जॉन यांनी सांगितलं, जेवून या, पण या.

मधल्या काळात सम्राटाचे दोन अधिकारी चौकशीला आले. शहराचा दर्जा काढून घेतला, नाट्यगृहं आणि स्नानगृहं बंद झाली, नगरप्रमुखांना बेड्या पडल्या. तेव्हा डोंगरातले साधू खाली उतरले आणि अधिकाऱ्यांचा रस्ता अडवून दयेची विनंती केली. एक अधिकारी राजधानीकडे परत गेला. तिकडे फ्लेव्हियनही सम्राटासमोर उभे राहिले. ईस्टरच्या तोंडावर बातमी आली, माफी मिळाली. अँटिओक वाचलं.

३९८ मध्ये जॉन थेट राजधानीचे आर्चबिशप झाले. तिथेही जीभ तीच. बिशपच्या वाड्यातली उधळपट्टी त्यांनी थांबवली, तो पैसा रुग्णालयांकडे वळवला आणि श्रीमंतांना तोंडावर सुनावलं. सम्राट आता थिओडोसिअसचा मुलगा अर्केडिअस होता. त्याची राणी युडोक्सिया हिचा चांदीचा पुतळा मोठ्या चर्चजवळ बसवला, तेव्हा त्या धांगडधिंग्यावरही जॉन बोलले. दुसऱ्यांदा एक पुतळा त्यांच्या आयुष्यात आला आणि या वेळी माफी मिळाली नाही. ४०४ मध्ये त्यांना हद्दपार केलं. तिथून ते मैत्रीण ऑलिंपिआस हिला पत्रं लिहीत राहिले, म्हणून त्यांना आणखी लांब पाठवायचं ठरलं. उन्हापावसात चालत नेताना १४ सप्टेंबर ४०७ रोजी रस्त्यातच त्यांचा मृत्यू झाला.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. ३८६-८७ च्याच सुमारास ज्यूंच्या सणांना जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांना अडवण्यासाठी जॉन यांनी ज्यूंविरुद्ध अतिशय विखारी प्रवचनं दिली. पुढच्या शतकांत ज्यूद्वेषाला त्यांनी खतपाणी घातलं. जिभेचा उपवास शिकवणाऱ्या माणसाला तो स्वतःला पूर्ण पाळता आला नाही. त्यांच्याच कसोटीवर त्यांना तपासलं, तर हे मान्य करावंच लागतं.

मृत्यूनंतर ३१ वर्षांनी, ४३८ मध्ये, जॉन यांचे अवशेष राजधानीत परत आणले गेले. तेव्हा सम्राट होता युडोक्सियाचा मुलगा दुसरा थिओडोसिअस. त्याने शवपेटीवर डोकं टेकवून आपल्या आईवडिलांच्या वतीने माफी मागितली, असं त्या काळचा इतिहासकार सांगतो. ज्या आजोबांनी अँटिओकला माफ केलं होतं, त्यांचाच हा नातू.

आजही ईस्टरच्या रात्री ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये जॉन यांच्या नावावर असलेलं एक छोटं प्रवचन वाचलं जातं. उपवास केलेल्यांनी या आणि न केलेल्यांनीही या, पंगत सगळ्यांसाठी आहे, असा त्याचा आशय.

अँटिओकच्या घाबरलेल्या लोकांना त्यांनी हेच तर सांगितलं होतं. जेवून या, पण या. आणि येताना जीभ सांभाळून या.