गिजुभाई बधेका : शिक्षकांचे शिक्षक

अध्यापन कसे सुधारावे, हा विषय भारतीय भाषांत प्रामुख्याने निबंधाचा राहिला आहे. गुजरातीत मात्र त्यावरील एक महत्त्वाचा ग्रंथ कथेच्या रूपाने अवतरला आणि तो लिहिणारे गृहस्थ पेशाने वकील होते. गिरिजाशंकर भगवानजी बधेका, म्हणजेच गिजुभाई, यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चितळ या गावी झाला. १९०७ मध्ये उपजीविकेसाठी ते पूर्व आफ्रिकेत गेले. तेथून परतल्यावर त्यांनी मुंबईत कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाण येथे वकिली आरंभली. १९१३ मध्ये पुत्र झाला तेव्हा त्याला कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. प्रचलित शाळांतील छडी आणि घोकंपट्टी यांच्या हाती मूल सोपविण्यास त्यांचे मन धजेना. याच शोधात मोतीभाई अमीन यांच्याकडून त्यांना मारिया मॉन्टेसरी यांच्या विचारांचा परिचय झाला.

१९१६ मध्ये वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. नानाभाई भट्ट हे तिचे संस्थापक. १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू झाले. शिक्षा नाही, बक्षीस नाही आणि परीक्षाही नाही, ही तेथील रीत होती. परंतु अशी शाळा चालवावयाची तर तसा शिक्षक हवा, आणि तो कोठे तयार मिळत नाही, हे गिजुभाईंनी लवकरच ओळखले. म्हणून बालमंदिराला जोडून अध्यापन मंदिर आले. तेथे येणाऱ्या शिक्षकाचे पहिले काम शिकविणे हे नव्हते. ते होते पाहणे. मूल काय उचलते, कोठे अडते, कशात रमते, याचे निरीक्षण हाच त्याचा पहिला पाठ. गोष्ट सांगणे हेही तेथे शिकण्याचे शास्त्र मानले जाई. ‘वार्तानुं शास्त्र’ हा गिजुभाईंचा ग्रंथ या विषयावरच आहे.

या कार्यात त्यांना लाभलेल्या सहकारी म्हणजे ताराबाई मोडक. राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला आल्या. १९२६ मध्ये या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाच्या ‘शिक्षणपत्रिके’ची मराठी आवृत्ती पुढे ताराबाईंनी चालविली, आणि गुजरातीतील हा विचार महाराष्ट्राच्या शिक्षकांपर्यंत पोहोचला.

‘दिवास्वप्न’ ही गिजुभाईंची सर्वाधिक परिचित कृती. तिचा निवेदक शिक्षणाधिकाऱ्याकडून प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग एका वर्षासाठी मागून घेतो. पहिल्या दिवशी तो शांततेचा खेळ घेऊ पाहतो. मुले गोंगाट करतात आणि बेत पार फसतो. हा खेळ मॉन्टेसरी पद्धतीतलाच होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्या पद्धतीचे गिजुभाई पुरस्कर्ते, तीच अपुऱ्या तयारीच्या हाती कशी कोलमडते, हे त्यांनी आरंभीच दाखविले आहे. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग त्याच्या हाती येतो. पुढे वर्गाचे ग्रंथालय, खेळ, स्वच्छता, नाटक यांच्या आधाराने तो तोच अभ्यासक्रम पुरा करतो. सहकारी हसतात, पालक शंका घेतात, आणि वर्षअखेरची परीक्षा तर कोणालाच चुकत नाही. प्रशिक्षणाच्या पाठ्यपुस्तकात शिक्षकाच्या अपयशाला जागा नसते. कथेत ती मिळाली. हे कथारूपाचे खरे प्रयोजन म्हणता येईल.

गुणांकनाविषयीची त्यांची भूमिका याच दृष्टीतून आली. गुण आणि क्रमांक मुलाला तोलतात. गिजुभाईंच्या मते तोलले जावे ते शिकविणे. मूल नापास झाले म्हणजे काय शिकवायचे राहिले, हे शिक्षकाने स्वतःस विचारावयाचे. मात्र या भूमिकेला मर्यादा होती. बालमंदिराला साधने, मोकळी जागा आणि संस्थेचा आधार होता; सरकारी शाळेतील शिक्षकाच्या वाट्याला भरलेला वर्ग आणि निरीक्षकाची तपासणी येई. ग्रंथाचे नावच या अंतराची कबुली देते. ते अंतर कमी करण्याचा पुढील प्रयत्न ताराबाईंनी बोर्डी आणि कोसबाड येथे, गावातील आणि आदिवासी पाड्यांवरील मुलांमध्ये केला.

१९२९ चे रणजितराम सुवर्णचंद्रक देऊन गुजराती साहित्यविश्वाने गिजुभाईंचा गौरव केला. लोकांनी त्यांना दिलेले नाव अधिक आपुलकीचे होते : ‘मूछाळी मा’, मिशांची आई. १९३६ मध्ये ते दक्षिणामूर्तीतून बाहेर पडले आणि राजकोट येथे पुन्हा शिक्षकांसाठीच अध्यापन मंदिर उभारण्याच्या कामास लागले. २३ जून १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस मॉन्टेसरी प्रथमच भारतात आल्या. त्यांच्या आगमनापूर्वीच त्यांचा विचार गुजराती गोष्टींची भाषा बोलू लागला होता, आणि त्या भाषेचा पहिला श्रोता मूल असले, तरी दुसरा शिक्षक होता.