दगड-माती आणि स्कियापारेली

आम्हा सिव्हिलवाल्यांना बाकीच्या ब्रँचेस ‘दगड-माती’ म्हणून चिडवतात. थर्ड इयरच्या सेमिनारला विषय शोधताना मला आमच्याच बिरादरीतला एक गडी सापडला, जोव्हानी स्कियापारेली.

जन्म १८३५, इटलीतलं साविल्यानो. १८५४ मध्ये तुरीनला सिव्हिल इंजिनिअरिंग पास, पण जीव सगळा आकाशात. थोडे दिवस गणित शिकवलं, मग सरकारी खर्चाने बर्लिन आणि रशियातल्या पुल्कोवोला खगोलशास्त्र शिकला. १८६० मध्ये मिलानच्या ब्रेरा वेधशाळेत लागला आणि दोन वर्षांत संचालक! उल्कावर्षाव म्हणजे धूमकेतूने वाटेत सांडलेला कचरा, हे त्याने १८६६ मध्ये गणिताने दाखवलं. माझ्या मते त्याचं खरं मोठं काम हेच. नाव झालं ते मात्र भलत्याच गोष्टीने.

१८७७ मध्ये मंगळ पृथ्वीच्या जवळ आला. २२ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून मोजून मोजून याने नकाशा केला. जागांना जुन्या भूगोलातली नावं दिली. दक्षिणेकडच्या एका मोठ्या उजळ भागाला ‘हेलास’, म्हणजे ग्रीस. काही बारीक रेषा दिसल्या, त्यांना म्हटलं ‘कानाली’. घोळ इथेच झाला. या इटालियन शब्दात ओढाही बसतो आणि कालवाही. इंग्रजीत गेला तो फक्त कालवा. आणि कालवा म्हटला की खोदणारा आलाच! अमेरिकेत पर्सिव्हल लोवेलने त्यापायी १८९४ मध्ये वेधशाळाच उभारली.

स्कियापारेली स्वतः ना ठाम हो म्हणाला, ना ठाम नाही. १८९५ च्या एका लेखात तर त्याने मंगळावरच्या पाटबंधाऱ्यांचा कारभारही रंगवला, अर्थात गमतीने. मला हे खटकतं. चढ-उतार न बघता हजारो किलोमीटर सरळ जाणारा कालवा कोण आखेल, हे सिव्हिलवाल्याने नाही विचारायचं तर कोणी?

पुढे डोळे अधू झाले. १९०० मध्ये निवृत्ती, ४ जुलै १९१० ला मृत्यू. १९६५ मध्ये मरिनर-४ ने जवळून फोटो काढले, त्यात कालवा एकही नाही. रेषा म्हणजे नजरेचा भास होता.

पण पाणी होतं! हेलासच्या पूर्वेला डोंगरांच्या पायथ्याशी दगडगोट्यांच्या जिभा मैलोनमैल पसरलेल्या आहेत. व्हायकिंग यानांच्या फोटोंपासून त्या माहीत होत्या. साधी दरड एवढी लांब वाहत नाही, म्हणून आत बर्फ किती यावर वाद होता. २००८ मध्ये यानावरच्या रडारच्या लहरी वरच्या थरातून आरपार जाऊन थेट तळावरून परतल्या. आत जवळजवळ शुद्ध बर्फ निघाला, शेकडो मीटर जाड. या हिमनद्याच! उघड्यावर तो बर्फ कधीच उडून गेला असता. टिकला तो वरच्या दगड-मातीच्या पांघरुणामुळे.

ते रडार इटलीच्या अवकाश संस्थेचं होतं. आणि जागेचं नाव अजूनही हेलासच आहे.