साताऱ्याचा लंडनमधील वकील : रंगो बापूजी

वकील म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे काळा कोट आणि कोर्टाचे आवार उभे राहते. पेशवाईत मात्र वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला माणूस, आजच्या भाषेत राजदूत. वकिलात हा शब्द परदेशी राजदूताच्या कचेरीला आपण अजून वापरतो तो त्याच अर्थाने. दिल्लीत पेशव्यांची वकिली हिंगणे घराण्याकडे होती. आपला बीड जिल्हा ज्या निजामाच्या राज्यात होता त्याच्या दरबारी गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील. १७९५ साली खर्ड्याला मराठ्यांची आणि निजामाची लढाई झाली हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते, पण लढाईच्या आधी वर्षानुवर्षे हैदराबादेत बसून बातमी कळविणारा माणूस कोणाला ठाऊक नसतो. अशा वकिलाच्या हाताखाली कारकून, मुनशी, जासूद, नोकरचाकर असत आणि खर्च धन्याकडून येई.

मला ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्या रंगो बापूजी गुप्ते यांची वकिलात मात्र निराळीच. तिला ना राज्य उरले होते, ना मान्यता.

रंगो बापूजी हे शिवरायांचे सहकारी दादाजी नरसप्रभू यांच्या घराण्यातले. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंह यांना बसविले आणि १८१९ मध्ये त्यांच्याशी तह केला. त्या तहात एक मेख होती. इतर संस्थानिकांशी किंवा सत्तांशी छत्रपतींनी रेसिडेंटमार्फतच व्यवहार करावयाचा. म्हणजे इंग्रजांचा वकील साताऱ्यात राहणार, पण छत्रपतींचा वकील कोठेच राहणार नाही ! प्रतापसिंहांनी कारभार इतका चांगला केला की १८३५ मध्ये कंपनीच्या डायरेक्टरांनी त्यांना रत्नजडित तलवार भेट द्यावयाचे ठरविले. ती त्यांच्या हाती कधी पडली नाही. जहागिरींच्या हक्कावरून मुंबई सरकारशी बिनसले होते. पुढे गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचा, कंपनीच्या शिपायांना फितविल्याचा आरोप त्यांच्यावर आला आणि सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना गादीवरून काढून काशीला पाठविण्यात आले. त्यांची रीतसर चौकशी झाली नाही. नेमके हेच गाऱ्हाणे घेऊन रंगो बापूजी विलायतेस निघाले.

सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्याच्या तीस वर्षे आधीचा हा प्रवास आहे हे ध्यानात घेतले पाहिजे.

लंडनमध्ये साताऱ्याची बाजू मांडणारे ते एकटेच नव्हते. मीर अफझल अली आधीच तिकडे गेले होते, शिवाय यशवंतराव शिर्के आणि भगवंतराव विठ्ठल हेही त्या मंडळात होते. कंपनीची कचेरी लेडनहॉल स्ट्रीटवर होती. तिच्यावर सरकारचे बोर्ड ऑफ कंट्रोल आणि त्याच्याही वर पार्लमेंट. रंगो बापूजींनी या तिन्ही दारांशी खेटे घातले. डायरेक्टरांचे उत्तर असे की, काय म्हणावयाचे ते मुंबई सरकारमार्फत कळवावे. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हातून अर्ज ! शिवाय तुमचा धनी आता राजा नाही, तेव्हा तुम्ही वकील कसले, हा प्रश्न होताच. राजा का नाही एवढेच तर त्यांना विचारावयाचे होते.

हे वाचताना मला आमच्या घरची गोष्ट आठवली. आजोबा वारल्यावर वडिलांना सातबाऱ्यावर वारसाची नोंद करावयाची होती. एका कचेरीत सांगितले की तुमचे नाव उताऱ्यावर नाही, म्हणून अर्ज घेता येत नाही. नाव लागावे म्हणूनच तर अर्ज होता. आमच्या घरात अर्ज वाचता येणारा मीच पहिला, त्यामुळे मांजरसुंब्याहून बीडच्या चार खेपा माझ्याच वाट्याला आल्या. चार खेपांत मी कंटाळलो.

रंगो बापूजी सुमारे चौदा वर्षे राहिले. बरोबरचे लोक परतले, ते मात्र हटले नाहीत. त्यांनी अर्ज छापविले, कागदपत्रे गोळा केली, पार्लमेंटचे सभासद जोसेफ ह्यूम आणि गुलामगिरीविरुद्ध गाजलेले वक्ते जॉर्ज थॉमसन यांना आपल्या बाजूला आणले. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत या प्रकरणावर वारंवार वाद झाले. साताऱ्याचे माजी रेसिडेंट लॉडविक यांनीही छत्रपतींची बाजू घेतली. मतदान झाले की मात्र डायरेक्टरांचेच खरे होई.

ऑक्टोबर १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीस निवर्तले. १८४८ मध्ये गादीवरचे त्यांचे बंधूही वारले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने सातारा खालसा केला. आता धनीही नाही आणि राज्यही नाही. तरी राणीसाहेब आणि दत्तकपुत्र यांच्या वतीने रंगो बापूजी भांडतच राहिले. पैसे संपले, कर्ज झाले. अखेर कंपनीनेच ते फेडण्यास पैसे आणि परतीचे भाडे दिले आणि १८५३ च्या अखेरीस ते परतीच्या वाटेला लागले.

काही जण म्हणतात की ही चौदा वर्षे फुकट गेली. मला तसे वाटत नाही. इंग्रजांचे कायदे, त्यांची सभा, त्यांचीच माणसे घेऊन त्यांच्याच घरात न्याय मागण्याचा हा मार्ग एका माणसाने शेवटच्या टोकापर्यंत चालून पाहिला. त्यापुढे तो बंद होता हे त्यांच्याइतके कोणाला कळले असेल ? लेडनहॉल स्ट्रीटवरची ती इमारत १८६१ मध्ये पाडली गेली. भारताच्या हायकमिशनचे इंडिया हाउस त्याच शहरात ऑल्डविच येथे १९३० पासून उभे आहे. तेथे आज अधिकारी, कारकून, दुभाषे सगळे आहेत.

साताऱ्यास परतल्यावर रंगो बापूजींनी अर्ज लिहिला नाही, माणसे जमविली. १८५७ च्या उन्हाळ्यात कट फुटला. ते निसटले. सरकारने बक्षीस लावले, पण ते कोणाच्या हाती लागले नाहीत. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यात गेंडामाळावर सतरा जणांना मृत्यूदंड दिला गेला, त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. चौदा वर्षे बाप घरी नव्हता. परत आल्यावर बापलेकांना एकमेकांचा सहवास मिळाला तो पुरती चार वर्षेही नाही.