एकोणसत्तर विजयांचा योकोझुना

१५ जानेवारी १९३९. टोकियोतील रयोगोकू येथील सुमोच्या सभागृहात स्पर्धेचा चौथा दिवस होता. तीन वर्षे अपराजित असलेले फुताबायामा सादाजी रिंगणात उतरले आणि अकिनोउमी या तरुण मल्लाने बाहेरून टांग मारून त्यांना खाली पाडले. सलग ६९ विजयांची मालिका तेथे खंडित झाली.

९ फेब्रुवारी १९१२ रोजी ओइता प्रांतात जन्मलेल्या फुताबायामांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी बालपणीच्या अपघातात गेली होती. हे वैगुण्य त्यांनी कारकीर्दीत फारसे कुणाला कळू दिले नाही. १९२७ मध्ये ते तात्सुनामी तालमीत दाखल झाले. सुमोत वजनगट नसतात. सुमारे साडेचार मीटर व्यासाच्या मातीच्या रिंगणाबाहेर पाऊल पडले किंवा तळपायाखेरीज शरीराचा कोणताही भाग जमिनीला टेकला, की लढत संपते. स्पर्धेत पराभवांपेक्षा विजय अधिक असतील तर क्रमवारीत बढती मिळते, अन्यथा घसरण होते. केवळ योकोझुना या सर्वोच्च पदावरून अवनती नसते. कामगिरी खालावल्यास निवृत्ती हाच मार्ग उरतो.

१९३२ मध्ये सुधारणांच्या मागणीसाठी अनेक मल्ल संघटनेतून बाहेर पडले. त्यामुळे रिकाम्या झालेल्या जागांवर फुताबायामांना वरच्या श्रेणीत प्रवेश मिळाला. प्रतिस्पर्ध्याची पहिली धडक निश्चलपणे झेलायची आणि मग पकड घ्यायची, ही त्यांची शैली होती. जानेवारी १९३६ च्या सातव्या दिवसापासून ते जिंकत गेले. तेव्हा वर्षाकाठी दोनच स्पर्धा होत, त्याही अकरा दिवसांच्या. त्यांच्या लोकप्रियतेमुळे प्रेक्षकांची गर्दी इतकी वाढली, की मे १९३७ पासून स्पर्धा तेरा दिवसांची आणि मे १९३९ पासून पंधरा दिवसांची झाली. १९३७ मध्येच त्यांना योकोझुनापद मिळाले.

१९३८ च्या मांचुरिया दौऱ्यात झालेल्या आमांशाने त्यांची प्रकृती खालावली होती. तशात अकिनोउमीच्या देवानोउमी तालमीने त्यांना हरवण्यासाठी दीर्घ खल केला होता. त्या स्पर्धेत फुताबायामांना चार पराभव पत्करावे लागले. मात्र पुढच्याच स्पर्धेत त्यांनी पंधराही लढती जिंकल्या. १९४५ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर बारा विजेतेपदे होती.

१९४७ मध्ये एका धार्मिक पंथाच्या नादी लागून, कानाझावा येथे पोलिसांशी झटापट केल्याने त्यांना अटकही झाली. मात्र ते सुमोत परतले आणि १९५७ मध्ये सुमो संघटनेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकीर्दीत, १९५८ पासून, वर्षाला सहा स्पर्धा होऊ लागल्या. १९६५ पासून, एकाच तालमीतील मल्ल वगळता सर्वांनी परस्परांशी लढण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे एकाच गटातील तालमींच्या मल्लांना एकमेकांपासून मिळणारे संरक्षण संपले. या दोन्ही पद्धती आजही कायम आहेत.

१६ डिसेंबर १९६८ रोजी, अध्यक्षपदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. २०१० मध्ये हाकुहो यांची विजयमालिका ६३ वर थांबली. फुताबायामांचा विक्रम अद्याप कुणी मोडलेला नाही.