राउल प्रेबिश आणि व्यापाराचा न्याय

व्यापाराचे नियम सर्वांना सारखे असले म्हणजे ते न्याय्य झाले, ही समजूत खोडून काढण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत राउल प्रेबिश यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९०१ साली अर्जेंटिनातील तुकुमान येथे जन्मलेले हे अर्थशास्त्रज्ञ मूळचे खुल्या व्यापाराचेच उपासक होते, हे विशेष. अर्जेंटिनाने गहू-मांस विकावे, इंग्लंडने यंत्रे विकावीत आणि उभयतांचे कल्याण व्हावे, हीच त्यांची श्रद्धा. महामंदीने ती उद्ध्वस्त केली. धान्याचे भाव कोसळले. यंत्रांचे त्या मानाने टिकून राहिले. १९३३ च्या ब्रिटनशी झालेल्या करारात मांसाची बाजारपेठ राखण्यासाठी स्वदेशाला किती वाकावे लागते, हेही त्यांनी जवळून पाहिले.

१९३५ साली त्यांनी देशाची मध्यवर्ती बँक उभी केली. १९४३ मध्ये लष्करी राजवटीने त्यांना तेथून दूर केले. आमच्या मते ही बडतर्फी जगाच्या पथ्यावरच पडली. संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिका आयोगासाठी १९४९ साली त्यांनी जो सिद्धांत मांडला, तो मांडवीतून लोहखनिजाचे बार्ज जाताना पाहिलेल्या गोमंतकीयास सहज उमगावा. कच्चा माल विकणाऱ्यास तेच यंत्र घेण्यासाठी कालांतराने अधिकाधिक माल मोजावा लागतो. कारण कारखानदार देशांत उत्पादकता वाढली की तिचा लाभ वेतन व नफ्याच्या रूपाने तेथेच मुरतो. कच्च्या मालाच्या बाबतीत मात्र तो उतरत्या भावांवाटे गिऱ्हाइकाच्या पदरी पडतो.

१९६४ साली जिनिव्हात भरलेल्या व्यापार व विकास परिषदेचे ते सूत्रधार. तेथेच ७७ विकसनशील राष्ट्रांचा गट जन्मला. १९६८ च्या दिल्ली अधिवेशनात, परतफेडीची अपेक्षा न ठेवता या राष्ट्रांच्या पक्क्या मालाला जकातीत सवलत देण्याचे तत्त्व मान्य झाले. १९७१ मध्ये गॅटने त्यास मुभा दिली खरी. पण सवलत ऐच्छिक राहिली आणि कापडासारखा माल बहुधा तिच्याबाहेरच ठेवला गेला. उंच जकातीच्या आडोशाने देशी कारखानदार सुस्तावतो, हेही प्रेबिश बजावीत असत. त्यांचे टीकाकार हे सोयीस्करपणे विसरतात.

भारताने १९७४ चा नेहरू पुरस्कार त्यांना दिला. एप्रिल १९८६ मध्ये सांतियागो येथे ते निवर्तले. त्याच वर्षी सप्टेंबरात शेजारच्या उरुग्वेत गॅटची नवी फेरी सुरू झाली. तिच्यात शेतमाल प्रथमच नियमांच्या खऱ्या कक्षेत आला आणि त्याबरोबरच, श्रीमंत राष्ट्रांच्या आग्रहास्तव, पेटंटही.