दिव्यामागची नोंदवही

हाती दिवा घेऊन रात्रीच्या वेळी जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी एक कृश स्त्री. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. १२ मे या त्यांच्या जन्मदिनी परिचारिका दिनाच्या समारंभांतून ते दरवर्षी नव्याने उजळले जाते. चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. नव्याने कामावर रुजू होणाऱ्या परिचारिकेने त्यावरून सेवाभाव अवश्य घ्यावा. परंतु चार माणसांना बरोबर घेऊन काम कसे तडीस न्यावे, हे शिकायचे असेल तर तिला त्या दिव्यामागची नोंदवहीही पाहावी लागेल.

नाइटिंगेलबाईंचा जन्म १८२० साली एका सधन इंग्रज कुटुंबात, इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. वडिलांनी त्यांना स्वतः ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकवला. गणिताची ओढ उपजतच होती. रुग्णालयात काम शिकण्याची इच्छा त्यांनी १८४५ मध्ये बोलून दाखविली, तेव्हा घरात हलकल्लोळ माजला. त्या काळी इंग्लंडात परिचारिकेचा पेशा कुलीन स्त्रीला कमीपणा आणणारा समजला जाई. परवानगी मिळाली नाही. मग बाईंनी पहाटे उठून रुग्णालयांचे व आरोग्यविषयक सरकारी अहवाल वाचण्याचा, टिपणे काढण्याचा परिपाठ ठेवला. १८५१ साली जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे तीन महिने शिक्षण घेण्याची संधी मिळाली, तोवर सहा वर्षे उलटून गेली होती.

ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांसाठी असलेल्या एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. तेथे त्यांनी प्रथम काय मागितले? प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी, जेवण वर चढविण्यासाठी पाळणा, आणि कोणत्या रुग्णाने बोलाविले हे कळेल अशी घंटा. परिचारिकेचा वेळ जिन्यावर नव्हे, रुग्णाजवळ जावा, हा त्यामागील साधा हिशेब होता. इतर पंथांच्या रुग्णांनाही प्रवेश मिळावा म्हणून त्या व्यवस्थापक समितीशी झगडल्या आणि झालेला निर्णय लेखी करून घेतला.

क्रिमियाच्या युद्धातील जखमींच्या शुश्रूषेसाठी सरकारने त्यांना पाठविले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३४ होते आणि प्रत्यक्ष अनुभव दीड वर्षाच्या आतबाहेरचा. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी ३८ परिचारिकांसह त्या कॉन्स्टँटिनोपलजवळील स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. लष्करी डॉक्टरांना ही ब्याद नको होती. तेव्हा बाईंनी आपल्या परिचारिकांना बजावले की, डॉक्टरांनी बोलाविल्याखेरीज कोणीही वॉर्डात पाऊल ठेवायचे नाही. समोर सैनिक तळमळत असता हाताची घडी घालून बसणे काही परिचारिकांना असह्य झाले. तरी तो काळ त्यांनी कपडे, उशा शिवण्यात घालविला. काही दिवसांतच इंकरमनच्या लढाईतील जखमींची रीघ लागली आणि डॉक्टरांनीच त्यांना पाचारण केले. हा संयम अनेकांना भित्रेपणा वाटेल. परंतु ज्यांच्या सहकार्यावाचून काम होणार नाही त्यांचा विश्वास आधी संपादन करावा लागतो, हे त्यात होते. पुढे अधिकारी टाळाटाळ करू लागले, तेव्हा याच बाईंनी हाती असलेल्या पैशांतून मजूर लावून मोडकळीस आलेले वॉर्ड दुरुस्त करून घेतले. कोठे थांबावे आणि कोठे थांबू नये, याचा विवेक त्यांनी दाखविला.

यापुढचा भाग चरित्रकथांतून बहुधा गाळला जातो. बाई स्कुतारीला आल्यानंतरच्या हिवाळ्यात मृत्यू कमी झाले नाहीत, वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शंभरात ४२ वर गेले. मार्चमध्ये सरकारी आरोग्य आयोग आला, त्याने इमारतीखालची तुंबलेली गटारे साफ केली, हवा खेळती केली. जूनपर्यंत हे प्रमाण शंभरात सुमारे दोनवर उतरले. १८५६ मध्ये त्या मायदेशी परतल्या तेव्हा देशभर त्यांचा जयजयकार चालू होता. त्यांनी मात्र विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर मृत्यूंचे आकडे तपासायला घेतले. बहुसंख्य सैनिक जखमांनी नव्हे तर टाळता येण्याजोग्या रोगांनी दगावले होते, आणि ज्या रुग्णालयात त्या स्वतः राबल्या तेथील परिस्थिती अत्यंत भीषण होती. हे आकडे दडपणे सोपे होते. बाईंनी ते आकृत्या काढून राज्यकर्त्यांपुढे मांडले. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना पहिली स्त्री सभासद म्हणून निवडले. प्रकृती ढासळून अंथरुणास खिळल्यावरही त्यांनी याच पद्धतीने हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याचा प्रश्न हाती घेतला. त्यावरील आयोगाचा अहवाल १८६३ साली प्रसिद्ध झाला. हा देश त्यांनी कधी पाहिलाही नव्हता.

१८६० मध्ये सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या नावे जमलेल्या निधीतून शिक्षणसंस्था सुरू झाली, ती १५ विद्यार्थिनींनिशी. तेथे रुग्णांच्या नोंदी ठेवणे हा शिक्षणाचाच भाग होता. शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात त्यांनी व्यवस्थेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्याचे सार एवढेच की, आपण हजर असताना जे होते ते आपल्या गैरहजेरीतही होत राहील अशी तजवीज करणे म्हणजे खरी जबाबदारी घेणे. नेतृत्वाची याहून सोपी व्याख्या सापडणे कठीण.

त्यांच्या सर्वच मतांपुढे मान तुकवावी असे मात्र नाही. परिचारिकांच्या सरकारी नोंदणीला त्यांनी कसून विरोध केला. परीक्षेने चारित्र्य मोजता येत नाही, ही त्यांची भूमिका होती. त्या १९१० साली वारल्या आणि १९१९ मध्ये ब्रिटनने नोंदणीचा कायदा केलाच. आज ती नोंदणीच परिचारिकेच्या व्यवसायाचा आधार आहे.

आपल्याकडे नव्या परिचारिकेला नेतृत्व म्हणजे पुढेमागे मिळणारे मेट्रनचे पद वाटते. वस्तुतः पहिल्याच रात्रपाळीत ते सुरू होते. रुग्णाच्या तब्येतीतील फरक वेळीच टिपणे, तो न घाबरता डॉक्टरांना सांगणे, पाळी संपताना एकही बाब तोंडी आठवणीवर न सोडता पुढच्या सहकारिणीला सोपविणे, आणि आपली चूक झाली तर तीही वहीत लिहिणे, या गोष्टींना पद लागत नाही. मात्र चुकीची नोंद करणाऱ्या मुलीलाच जेथे सर्वांदेखत धारेवर धरले जाते, तेथे वह्या निर्दोष दिसू लागतात आणि रुग्ण बरे होत नाहीत. स्कुतारीचे आकडे लपले असते तर तेथील मृत्यूंपासून कोणीच काही शिकले नसते. हे वरिष्ठांनी ध्यानात घेतले तर परिचारिका दिनाच्या समारंभातील दिव्याला काही अर्थ उरेल.