नादाचे कोडे उलगडणारे डॉ. रामन

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही तबला जवळून पाहिला आहे का? तबल्याच्या पुडीवर मधोमध एक काळा गोल असतो. त्याला शाई म्हणतात. उर्दूत आपण जिला सियाही म्हणतो, तोच हा शब्द. पण ही लिहिण्याची शाई नव्हे. लोखंडाची बारीक भुकटी खळीत मळतात आणि तिचे थर पुडीवर एकावर एक घोटून बसवतात. ही शाई शोभेसाठी असावी, असे तुम्हाला वाटले असेल. तसे नाही. ती खरवडून काढली, तर तबल्याचा सूर हरवेल. असे का होते, हे ज्यांनी शास्त्राच्या आधारे समजावून दिले, त्या थोर शास्त्रज्ञाची आज आपण ओळख करून घेऊ. त्यांचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तमिळनाडूतील तिरुचिरापल्लीजवळ झाला. त्यांचे वडील गणित व भौतिकशास्त्र शिकवत. त्यांना संगीताचीही आवड होती. घरात पुस्तके होती आणि सूरही होते. रामन लहानपणापासून हुशार होते. अकराव्या वर्षी ते मॅट्रिक झाले. पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकून १९०४ साली ते बी.ए. आणि १९०७ साली एम.ए. झाले. अठराव्या वर्षीच त्यांचा पहिला शोधनिबंध इंग्लंडमधील मासिकात छापला गेला होता.

पण त्या काळी आपल्या देशात संशोधनावर पोट भरण्याची सोय नव्हती. प्रकृती नाजूक असल्यामुळे डॉक्टरांनी रामन यांना विलायतेला जाऊ दिले नाही. तेव्हा त्यांनी सरकारी अर्थखात्याची परीक्षा दिली आणि १९०७ साली ते कलकत्त्याला मोठ्या हुद्द्यावर रुजू झाले. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवत असत.

कलकत्त्यात बोबाजार भागात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेली एक विज्ञानसंस्था होती. तिची प्रयोगशाळा जवळजवळ ओस पडली होती. रामन यांनी तेथे काम करण्याची परवानगी मिळवली. पहाटे प्रयोगशाळा, दिवसभर कचेरी, संध्याकाळी पुन्हा प्रयोगशाळा, असा त्यांचा दिनक्रम सुरू झाला. १९०९ साली त्यांची बदली रंगूनला झाली. १९१० साली ते आपल्या महाराष्ट्रातील नागपूरला आले. तेथे प्रयोगशाळा नव्हती, म्हणून त्यांनी घरातच प्रयोग चालू ठेवले. १९११ साली ते परत कलकत्त्याला गेले. गाव बदलले, पण छंद सुटला नाही.

१९१७ साली त्यांच्यापुढे कठीण प्रसंग आला. कलकत्ता विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद देऊ केले. सरकारी नोकरीत मोठा पगार होता, मान होता, पुढे बढतीची खात्री होती. विद्यापीठात पगार जवळजवळ निम्मा होता. तरीही रामन यांनी सरकारी नोकरी सोडली. ज्या कामात आपले मन आहे तेच काम करायचे, असा त्यांचा निश्चय होता.

आता आपण पुन्हा तबल्याकडे येऊ. मोहरमच्या दिवसांत आपल्या अहिल्यानगरात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरात, तुम्ही ताशा ऐकला असेल. ताशाचा आवाज कडक असतो, दूरवर जातो. पण त्याला नेमका सूर नसतो. तबल्याला मात्र सूर असतो. गाणाऱ्याच्या सुराशी तो जुळवता येतो. दोन्ही वाद्यांवर ताणलेले पातळ आवरणच असते. मग फरक कशाने पडतो?

कोणतेही वाद्य वाजले की एकच स्वर निघत नाही. मूळ स्वराबरोबर त्याहून उंच असे अनेक उपस्वर निघतात. हे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे नेमक्या पटीत असले, तर ते एकमेकांत मिसळतात आणि कानाला गोड लागतात. साध्या ताणलेल्या कातड्याचे तसे नसते. त्याचा पहिला उपस्वर मूळ स्वराच्या सुमारे १.५९ पट असतो. पुढचे उपस्वरही असेच वेडेवाकडे. म्हणून साध्या ढोलाचा आवाज म्हणजे सूर नव्हे, असा शास्त्रज्ञांचा समज होता.

रामन यांनी १९२० साली आपल्या विद्यार्थ्यासह दाखवून दिले, की मृदंग आणि तबला या समजाला अपवाद आहेत. पुढे १९३४ साली त्यांनी याविषयी सविस्तर लेख लिहिला. ते पुडीवर बारीक वाळू पसरून ती वाजवत. पुडीचा जो भाग हलत नाही तेथे वाळू गोळा होई आणि तिच्या रेषा दिसत. या रेषांवरून पुडी कशी थरथरते ते कळे. शाईच्या वजनामुळे पुडीची थरथर बदलते आणि वेडेवाकडे उपस्वर नेमक्या पटीत येऊन बसतात, असे त्यांना आढळले. म्हणजे चिमूटभर लोखंडाची भुकटी योग्य जागी बसवली, की गोंगाटाचा सूर होतो!

तंबोऱ्याचेही असेच आहे. मिरजेचे तंबोरे सर्व देशात नावाजलेले आहेत. तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली एक बारीक दोरा सरकवतात. त्याने जवारी लागते आणि आवाज भरून येतो. तार जेथे छेडावी, तेथे स्थिर राहणारे उपस्वर उमटू नयेत, असा युरोपातील शास्त्रज्ञांचा नियम होता. आपल्या तंबोऱ्यात व वीणेत तेही उमटतात, हे रामन यांनी १९२१ साली दाखवले. दोरा बसवणाऱ्या कारागिरांनी भौतिकशास्त्र वाचलेले नव्हते. पण पिढ्यानपिढ्या कान देऊन त्यांनी जे साधले, ते खरे शास्त्रच होते. रामन यांनी त्या कारागिरीला शास्त्रात मानाची जागा मिळवून दिली.

इमारतींमध्येही आवाज असाच वळवता येतो. नगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी चाँदबिबी लग्न होऊन विजापूरच्या आदिलशाही घराण्यात गेली, हे तुम्ही इतिहासात वाचले आहे. त्याच घराण्यातील मुहम्मद आदिलशहाची कबर म्हणजे विजापूरचा गोल घुमट. तो १६५६ साली मरण पावला. या घुमटाच्या आतल्या सज्जात एका बाजूला भिंतीशी हळूच कुजबुजले, तर सुमारे ३८ मीटर दूर, समोरच्या बाजूला ते ऐकू येते. १९२१ साली रामन विलायतेला गेले, तेव्हा लंडनच्या सेंट पॉल चर्चमधील अशाच सज्जाचा त्यांनी सहकारी सदरलँड यांच्यासह अभ्यास केला. भिंतीपासून दूर जावे तसा आवाज एकसारखा कमी होत नाही. तो पट्ट्यापट्ट्यांनी कमीजास्त होतो, असे त्यांना दिसले. नंतर त्यांनी विजापूरच्या गोल घुमटाचाही अभ्यास केला.

त्याच सफरीत भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून त्यांचे लक्ष प्रकाशाकडे वळले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांनी लावलेला शोध रामन परिणाम म्हणून प्रसिद्ध आहे. त्यासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९३३ साली ते बंगळूरला गेले. १९४८ साली त्यांनी तेथे स्वतःची संशोधन संस्था उभारली. १९५४ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळूर येथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या शोधाची आठवण म्हणून २८ फेब्रुवारी हा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो.

रामन गेल्यानंतर आवाजाचे शास्त्र फार पुढे गेले. २००० साली हाँगकाँगच्या शास्त्रज्ञांनी शिशाच्या लहान गोळ्यांवर मऊ रबराचा थर दिला आणि त्या एका घट्ट पदार्थात बसवल्या. अवघ्या दोन सेंटिमीटर जाडीच्या या तुकड्याने, जाड भिंतीलाही सहज न अडणारा खालच्या पट्टीचा आवाज अडवला. २००८ साली तेथेच पातळ ताणलेल्या पडद्यावर मधोमध छोटेसे वजन चिकटवून आवाज अडवण्यात आला. ताणलेला पडदा आणि मधोमध वजन! हे चित्र तुमच्या ओळखीचे वाटते ना? तबल्यात वजन लावून सूर जुळवला जातो, येथे वजन लावून आवाज रोखला जातो. हेतू वेगळा, पण मूळ तत्त्व जवळचे आहे. पदार्थ कोणता आहे, एवढ्यानेच सारे ठरत नाही. तो कसा घडवला आणि वजन कोठे ठेवले, यावरही आवाजाची चाल ठरते.

मित्रांनो, रस्त्यांवरच्या गोंगाटाने आज रुग्णांना, वृद्धांना आणि अभ्यास करणाऱ्या मुलांना त्रास होतो. तो कमी करण्याची विद्या हवी आहे. ती शिकण्यासाठी फार दूर जायला नको. पुढच्या वेळी तबला, ताशा किंवा ढोलकी दिसली, तर नुसती ऐकू नका. ती कशी बनवली आहे ते पाहा आणि बनवणाऱ्या कारागिराला आदराने विचारा. रामन यांनी आपल्या घरच्या, ओळखीच्या वाद्यांनाच प्रश्न विचारले होते.

शब्दार्थ
नाद – आवाज, सदा. हुद्दा – ओहदा. कारागीर – दस्तकार. घुमट – गुंबद. सज्जा – भिंतीलगतचा उंचावरील अरुंद मार्ग. उपस्वर – मूळ स्वराबरोबर निघणारे उंच स्वर. किताब – येथे अर्थ : खिताब, पदवी (उर्दूतील ‘किताब’, म्हणजे पुस्तक, नव्हे).

स्वाध्याय
१. रामन यांनी सरकारी नोकरी का सोडली?
२. ताशा आणि तबला यांच्या आवाजात फरक का पडतो?
३. पुडीवर वाळू पसरून रामन यांना काय कळले?
४. कारागिरांचे काम हे खरे शास्त्रच होते, असे लेखकाने का म्हटले आहे? पाच-सहा वाक्यांत लिहा.
५. उपक्रम : डब्याच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधा व वाजवा. मग मधोमध कणकेची छोटी गोळी चिकटवून पुन्हा वाजवा. आवाजात पडलेला फरक वहीत लिहा.